नावापुरती संचालक

माझा धंदा कंपन्या जन्माला घालण्याचा. बाहेरदेशातून कुणी इथे येऊन कंपनी काढणार असेल, तर त्याचे कागद तयार करायचे, सरकारी कचेरीत खेटे घालायचे, नाव नोंदवून घ्यायचं आणि पोर चालायला लागलं की बाजूला व्हायचं. सुईणीचंच काम हे. फरक एवढाच की सुईणीची लोक निदान आठवण ठेवतात. माझी आठवण त्यांना काही अडलं तरच येते, आणि तीही दुपारी डोळा लागल्यावर.

माझी खोली चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर आहे. जिन्यात कायम डिंकाचा आणि चामड्याचा वास. मोठमोठ्या गप्पा मारणारे तंत्रज्ञ तो जिना चढताना नाकाला रुमाल लावतात. पुढे ज्यांना मीही आत्याच म्हणायला लागलो, त्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तसं काही केलं नाही. मी फोनवर एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि हाताला चाळा म्हणून टेबलावरचं फडकं उचलून त्याची घडी घालायला लागल्या. माझं भांडण संपेपर्यंत फडकं, खुर्चीवरचा माझा मफलर आणि कालचं वर्तमानपत्र, तिन्हींच्या अगदी सारख्या घड्या होऊन एकावर एक बसल्या होत्या.

"माझ्या भाच्याला इथे कंपनी काढायचीय," त्या म्हणाल्या. "वकील तुम्हीच ना?"

"मी वकील नाही. मी कागद करतो."

"तेच ते."

तेव्हापासून मी त्यांचा वकीलभाऊ झालो. शंभरदा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आत्यांचा सगळा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत गेला. लग्न होऊन इथे आल्या, नवरा बस चालवायचा, त्या चादरी धुवायच्या. मूलबाळ झालं नाही. नवरा गेला, नोकरी संपली, आणि उरल्या त्या, एक शिलाई मशीन आणि चादरी दाबणाऱ्या तापलेल्या रुळाने मनगटावर करून ठेवलेला एक डाग. तो त्या बांगडी दाखवावी तसा दाखवायच्या. तीन खोल्यांच्या घरात एकटी बाई, पण घर कसं, कुणीतरी आत्ता येणार आहे असं.

आणि येणारा कोण, हे ठरलेलं होतं. भावाचा मुलगा. त्याच्या जन्मानंतर त्याची आई अंथरुणाला खिळली आणि ते तान्हं पोर आत्यांच्या मांडीवर आलं. त्यापायी आत्यांचं स्वतःचं लग्न रखडलं. मुलगा शाळेत जायला लागला, वहिनी उठून बसली, तेव्हा कुठे आत्या उजवल्या आणि समुद्रापार आल्या. "निघताना माझं बोट सोडेना हो," त्या सांगायच्या. "शेवटी झोपल्यावर निघाले. उठल्यावर काय केलं असेल त्यानं, कोण जाणे." इतकी वर्षं उलटली तरी हे सांगताना त्यांचा हात हवेत काहीतरी सोडवल्यासारखा व्हायचा.

दर रविवारी दोघांचा फोन चालायचा. आत्या त्याला लॉन्ड्रीची रडगाणी ऐकवायच्या. चादरी हरवतात, हा वॉर्ड त्या वॉर्डावर ढकलतो, आळ मात्र धुणाऱ्या बायकांवर. भाचा शिकला, संगणकवाला झाला आणि त्यातूनच त्याला कल्पना सुचली. प्रत्येक चादरीत एक बारीकशी चिप शिवायची, दारातल्या यंत्राने ती वाचायची आणि कुठली चादर कुठे आहे हे संगणकाने सांगायचं. यंत्र आणि संगणक त्याचा. पण चिप शिवायची कुठे? कोपऱ्यात शिवली तर रुळाखाली फाटते, मध्ये शिवली तर रोग्याला टोचते. आत्यांनी घरी मशीनवर चादरीमागून चादरी शिवल्या, जुन्या मैत्रिणींच्या हातापाया पडून लॉन्ड्रीत धुवून आणल्या, उसवल्या, पुन्हा शिवल्या. शेवटी जागा सापडली. पायाकडच्या दुमडीच्या आत, कोपऱ्यापासून दोन बोटं सोडून, दुहेरी टीप. तिथे चिप टिकली. एवढ्यावर न थांबता त्यांनी ते काम दोन इस्पितळांच्या लॉन्ड्रीप्रमुखांना नेऊन दाखवलं आणि दोघांनी वापरून पाहायचं कबूल केलं.

थोडक्यात, त्या कंपनीत निम्मा जीव आत्यांचा होता. हे मी सांगतोय. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

इथला कायदा समजायला सोपा आहे. परदेशी माणसाला कंपनी काढता येते, पण इथे राहणारा एक संचालक लागतो आणि एक खरा पत्ता लागतो. मग बँकेत कंपनीचं खातं. खातं झालं की संस्थापकाला इथे राहायचा परवाना. एक कडी निखळली की पुढचं सगळं अडलं. भाचा तिकडे होता, संचालक म्हणून आत्या, पत्ता आत्यांच्या घराचा. परवाना मिळाला की तो येऊन त्यांच्याच घरी राहणार होता. आत्यांना कंपनीचं अप्रूप होतं ते एवढ्यासाठीच. कुणी कशासाठी कंपनी काढतं, कुणी कशासाठी. ही बाई एका पोराला परत घरी आणण्यासाठी कंपनी काढत होती.

पुढची खोली कार्यालय झाली. शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेलं आणि तिथे कपाट उघडायचं तर अंग चोरून उभं राहावं लागायला लागलं. दारावर कंपनीच्या नावाची पाटी लागली. आत्या ती रोज सकाळी पुसायच्या. शेजारीण जाता-येता म्हणायची, "काय डायरेक्टर, आज सुट्टी का?" आत्या म्हणायच्या, "आमच्यात मालकाला सुट्टी नसते बाई." आणि मग स्वतःच लाजून आत पळायच्या.

मागची खोली भाच्याची. तिथला पलंग त्यांनी मला कौतुकाने दाखवला. चादरीवर सुरकुती शोधूनही सापडली नसती. "पायाकडे खोचलीय घट्ट," त्या म्हणाल्या. "लहानपणी पाय बाहेर काढून झोपायचा."

नोंदणीचा दाखला आला त्या दिवशी भाचा फोनच्या पडद्यावर होता. पोरगा गोड. हसला की गालावर आत्यांसारखीच खळी पडायची. मी नावं वाचून दाखवली, आधी त्याचं, मग आत्यांचं.

"माझं खाली आहे ना?" आत्यांनी विचारलं.

"हो, खाली आहे."

"बरं झालं. वर नको."

"आत्या, वर-खाली काही नसतं त्यात," भाचा हसत म्हणाला.

"असू दे. खालीच बरं."

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती म्हणा, पण मी आनंदात होतो. आता राहिली होती बँक. मधल्या काळात लोकांनी इथे बोगस कंपन्यांचा सुळसुळाट केला होता. कुणाच्या तरी शेजाऱ्याची सही घ्यायची, त्याला संचालक म्हणायचं आणि मागून भलत्याच उलाढाली करायच्या. म्हणून बँका इथल्या संचालकाला समोर बसवून विचारायच्या, तुम्ही खरे की बाहुलं? मी आत्यांची तालीम घ्यायला बसलो. मी बँकवाला झालो.

"तुम्ही कंपनीत काय काम करता?"

"अहो, मी कसलं काम करणार!"

"आत्या!"

"बरं बरं. चिप कुठे शिवायची ते मी ठरवते. लॉन्ड्रीत चाचणी घेते." एवढं बोलेपर्यंत त्या घामाघूम. "नाही हो जीभ वळत. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक कसं करायचं?"

"हे कौतुक नाही. ही माहिती आहे."

"आमच्या घरात ह्यालाच कौतुक म्हणायचे. वडील म्हणायचे, आपण केलेलं दुसऱ्याने सांगावं."

"आणि त्या दोन इस्पितळांचं?"

"ते तर मुळीच नको. आधी बोललं की फिसकटतं. नजर लागते."

मी चिडलो. माझा आवाज खाली चपलावाल्यापर्यंत गेला असणार, कारण त्याची हातोडी थांबली. पण आत्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या आणि अखेर सगळं धडाधड म्हणायला लागल्या. मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

बँकेतली अधिकारी बाई इथलीच, तरुण, बोलायला मऊ. काचेची खोली, टेबलावर पाण्याचा जग. मला बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. तिने कागद चाळले आणि आत्यांना मोकळं वाटावं म्हणून म्हणाली, "तुमचा भाचा फार हुशार दिसतो."

झालं. तिथे माशी शिंकली. त्या एका वाक्यासरशी आत्या संचालक राहिल्या नाहीत, आत्या झाल्या. पोराचं कौतुक कुणी केलं की आपण दोन पावलं मागे सरायचं, हे त्यांच्या हाडात होतं.

"लहानपणापासूनच हुशार," त्या फुलून म्हणाल्या.

"आणि तुम्ही कंपनीत काय करता?"

"मी? मी काही नाही हो. मी आपली अडाणी बाई, चादरी धुण्यात जन्म गेला. सगळं त्याचंच आहे. माझी नुसती सही."

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला.

"अगंबाई, पाय लागला का माझा?" असं म्हणून त्यांनी खुर्ची मागे ओढून घेतली.

"निर्णय कोण घेतं?"

"तोच की. मी कोण सांगणार?"

"कुणी गिऱ्हाईक तयार आहे का?"

"बघू या काय होतंय. अजून कशात काय नाही."

मी तोंड उघडलं तर त्या बाईने हात वर केला. "प्रश्न संचालकांना आहे," ती म्हणाली आणि लिहीत राहिली. तिला काय दोष देऊ? आत्यांना इथली भाषा उत्तम यायची, पण बोलायची रीत आपलीच राहिली होती. आपल्यातला कुणी तिथे असता, तर 'मी काही नाही' ऐकल्याबरोबर त्याने ओळखलं असतं, की सगळं हीच बाई चालवते. त्या बिचारीने मात्र ऐकलं ते खरं मानलं.

बाहेर आल्यावर आत्यांनी माझा हात धरला. चेहरा नुसता उजळला होता. "किती चांगली होती हो बाई! छान झालं ना?"

मी जन्माचा तापट माणूस. त्या क्षणी रस्त्यात उभा राहून ओरडलो असतो तर मोकळा झालो असतो. पण त्या चेहऱ्याकडे पाहून मी नुसती त्यांची पिशवी घेतली आणि चालायला लागलो.

नकार आला. कारण एका ओळीचं, इथल्या संचालक केवळ नावापुरत्या आहेत. एका बँकेने नाही म्हटलं की दुसरी आधी तेच विचारते आणि खोटं सांगता येत नाही. मार्ग नव्हता असं नाही. वर दाद मागता आली असती, लॉन्ड्रीतल्या बायका साक्षीला उभ्या राहिल्या असत्या, त्या दोन इस्पितळांनीही लिहून दिलं असतं. वेळ लागला असता, पण काम झालं असतं. हे मी आत्यांच्या घरी, त्या पुढच्या खोलीत बसून भाच्याला फोनवर सांगितलं.

तो थांबायला तयार नव्हता. दुसऱ्या एका देशात त्याच्या कल्पनेत रस घेणारे लोक भेटले होते, संचालक-बिंचालक सगळं तेच बघणार होते. तिथे कंपनी काढणार, तिथेच राहणार, असं त्याने सांगितलं.

"आत्या, मी तुला एवढंच म्हटलं होतं, जे खरं आहे ते सांग."

"अरे, माझी टिमकी मीच कशी वाजवू?"

तो म्हणाला, "जाऊ दे. तुला नाही कळायचं."

"हो रे," आत्या म्हणाल्या. "मला कुठलं कळायला."

बघा, तेव्हासुद्धा! मला त्या पोराचा राग आला, आत्यांचा त्याहून जास्त आला, आणि मग एकदम इतकं वाईट वाटलं की मी उठून खिडकीपाशी गेलो. मागे वळलो तर त्या टेबलावरच्या रुमालाची घडी घालत होत्या. घातलेली मोडत होत्या आणि पुन्हा घालत होत्या.

मुलगा वाईट नाही, हे मला कबूल करायला हवं. तिकडे पोचल्यावर त्याने बोलावलं त्यांना, आठ दिवस राहून जा म्हणून. पण त्यांना कुठे पाहुणी म्हणून जायचं होतं? रविवारचे फोन आधी आखूड झाले, मग एकाआड एक, मग आठवण होईल तसे. मशीन मात्र आत्यांनी स्वयंपाकघरातून हलवलं नाही. पुढच्या खोलीतलं टेबल तसंच, दारावरची पाटी तशीच, रोजचं पुसणंही तसंच. शेजारणीने "काय डायरेक्टर" म्हणणं सोडून दिलं.

त्याची कंपनी तिकडे चांगली चालली. एक दिवस त्याची मुलाखत माझ्या फोनवर दिसली. विचारणाऱ्याने विचारलं, हे उभं करताना तुमच्याबरोबर कोण होतं? तो म्हणाला, कोणी नाही, सगळं एकट्याने केलं. माझं डोकं फिरलं. तसाच तरातरा आत्यांकडे गेलो.

"पाहिलंय मी," त्या म्हणाल्या. "बरोबरच बोलला. मीच नव्हतं का तसं सांगितलं बँकेत?"

मग त्यांनी माझ्या फोनवर ती मुलाखत पुन्हा लावायला सांगितली. एका ठिकाणी चादर दाखवली होती, जवळून. तिथे त्यांनी ती थांबवली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "पायाकडची दुमड. कोपऱ्यापासून दोन बोटं. दुहेरी टीप घातलीय बघा." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आनंद होता, आणि तो मला बघवला नाही.

इथली कंपनी बंद करणं भाग होतं. खातं नसलेली कंपनी फार दिवस ठेवता येत नाही आणि बंद करताना इथल्या संचालकाला स्वतः कचेरीत हजर व्हावं लागतं. मी न्यायला गेलो तेव्हा आत्या कडक इस्त्रीची साडी नेसून तयार होत्या. पाटीही त्यांनी स्क्रू काढून, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतली होती. दारावर तिच्या जागी रंग न उडालेला एक चौकोन राहिला होता.

"पाटी परत द्यावी लागत असेल ना?" त्यांनी विचारलं.

"नाही लागत, आत्या."

"असू दे. विचारू."

खिडकीमागचा कारकून दमलेला होता. मागे रांग. त्याने वर न बघता विचारलं, "संचालक तुम्ही?"

"हो."

"कंपनीने काही व्यवहार केला?"

"नाही."

"मग इथे सही करा."

त्याने पेन पुढे सरकवलं. आत्यांनी ते घेतलं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला, तळहात खिडकीच्या फळीवर टेकवला आणि बोलायला लागल्या.

"मी ह्या कंपनीची संचालक होते. चिप कुठे शिवायची ते मी ठरवलं. आधी कोपऱ्यात शिवली, ती फाटली. मग मध्ये शिवली, ती टोचायची. जागा मी शोधली. लॉन्ड्रीतल्या चाचण्या मी घेतल्या. दोन इस्पितळांनी होकार दिला होता, तो मी जाऊन मिळवला होता. नुसती सही नव्हती माझी. निम्मी कंपनी मी केली होती."

तालमीत मी शिकवलेलं सगळं होतं त्यात, आणि मी न शिकवलेलंही. एकदाही अडखळल्या नाहीत. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी त्या लपवल्या नाहीत.

कारकुनाने मान वर केली. "बाई, एवढं लागत नाही इथे," तो जरा नरमाईनेच म्हणाला. "सही केली की झालं."

त्यांनी सही केली. मग टॉवेल सोडून पाटी पुढे केली. आम्ही पाट्या परत घेत नाही, असं त्याने सांगितलं. त्यांनी ती पुन्हा गुंडाळली.

बाहेर पायऱ्या उतरताना त्या मध्येच थांबल्या.

"वकीलभाऊ, ह्या वेळी बरोबर सांगितलं ना?"

"हो, आत्या. अगदी बरोबर सांगितलंत."

त्यांनी मान हलवली. दोन पायऱ्या उतरल्या आणि परत थांबल्या.

"मग त्याला कळवाल का तुम्ही? म्हणावं, आत्याने सगळं नीट सांगितलं. मी आपल्या तोंडाने कसं सांगू?"

त्यांना घरी सोडलं आणि मी लगेच फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. थोड्या वेळाने करतो म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही, आणि आत्या जिना चढून येतात तेव्हा काही विचारत नाहीत, नुसता माझा मफलर उचलून त्याची घडी घालत बसतात.